“बूट होतात ना गं?” – “होतात!”

मे महिना सरत आला की आमच्या रत्नागिरीत आगोटीची धावपळ सुरू होते. मसाला कुटून बरण्यांत भरायचा, आमसुलांना ऊन दाखवायचं, कांद्याच्या माळा टांगायच्या, आणि खाली मिरकरवाड्यातून सुके बोंबील, सुकट, सोडे आणून घट्ट झाकणाच्या डब्यांत बंद करून ठेवायचे. ही सगळी यादी संपत आली की शेवटची एक ओळ राहते – शाळा. मग पलंगाखालून गेल्या वर्षीचे बूट ओढून काढायचे, फडक्याने धूळ झटकायची आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, “अगं, बूट होतात ना गं?”

आतून उत्तर येतं, “होतात!”

आपण मनात म्हणतो, चला, एक खर्च वाचला.

मैत्रिणींनो, या एका शब्दावर मी तीन वर्षांपूर्वी विश्वास ठेवला आणि नंतर डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसायची पाळी माझ्यावर आली. म्हणून आज बूट आणि गणवेश हा विषय घेऊन बसले आहे. विषय किरकोळ वाटतो खरा. पण दर वर्षी प्रत्येक घरात तो येतो, आणि दर वर्षी आपण तो घाईघाईत उरकतो.

आमचं घर मिरकरवाड्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. आमचे ‘हे’ बर्फाच्या कारखान्यात कामाला. बोट समुद्रात जायची तर आधी बर्फ भरावा लागतो. बोटी बंद की बर्फही बंद. आणि बोटी नेमक्या कधी बंद होतात? तर शाळा सुरू होताना! २०२४ सालचीच बंदी पाहा ना – १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ, शिवाय खवळलेला समुद्र. बंदी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळेची घंटा वाजते १५ जूनच्या सुमारास. म्हणजे घरात येणारा पैसा आटतो आणि पंधरा दिवसांत वह्या, दप्तर, छत्री, गणवेश, बूट सगळे रांगेने दारात उभे राहतात. नेपाळकडचे खलाशी आपापल्या गावी निघून जातात, बोटींवर ताडपत्र्या चढतात, आणि आमच्या वाड्यातल्या बायका एका हाताने जाळी आवरतात नि दुसऱ्या हाताच्या बोटांवर हिशेब करतात.

त्या वर्षी माझी मुलगी पाचवीत गेली. आदल्या दिवाळीनंतर घेतलेले काळे बूट चांगले दिसत होते. वरचं कातडं धड, तळ धड, पॉलिश केलं की नव्यासारखे. तिला विचारलं, ती म्हणाली “होतात.” मी पुढे गेले. जुलैमध्ये एकदा लक्षात आलं की ती बुटाची मागची बाजू मोडून, चपलेसारखी पायात सरकवून चालते. मी रागावले. “चांगल्या बुटाची वाट लावतेस!” म्हटलं. शाळेतून आली की मोजे काढायला न्हाणीघरात जायची, तेही मला तिचं वयात येणं वाटलं. गणपती तोंडावर आले तेव्हा एकदा पाय धुताना ती कळवळली. पाहते तर अंगठ्याचं नख एका बाजूने मांसात रुतलेलं, भोवती सूज, खाली पू. करंगळीवर कुरूप धरू लागलेलं. बोटं जराशी आत वळलेली.

डॉक्टरांनी नख सोडवलं, औषध दिलं. वर विचारलं, “बूट किती महिन्यांपूर्वी घेतले?” मला सांगताच येईना.

घरी आल्यावर तिला जवळ घेऊन विचारलं, “अगं, बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “तूच बाबांना सांगत होतीस ना, ऑगस्टपर्यंत काही नवीन काढू नका म्हणून.”

काय बोलणार यावर? मी ते स्वयंपाकघरात सांगितलं होतं, हळू आवाजात. पण दोन खोल्यांच्या घरात हळू आवाज कुठला?

हे सगळं मी आमच्या भाभींना सांगितलं. भाभी म्हणजे खाली वाड्यात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या. चार मुलं, घरधनी बोटीवर. मासळी आणायला जाता-येता आमची मैत्री जमली. त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, “ताई, पोरं खोटं नाय बोलत. पोरं घर बघून बोलतात. म्हणून मी पोरांना इचारतच नाय. मी मापते.”

मग त्यांनी मला दाराच्या मागे अडकवलेली पिशवी दाखवली. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, एका मुलाच्या दोन, उजव्या पायाची आणि डाव्या पायाची. वर महिना लिहिलेला. तीन-साडेतीन महिन्यांनी त्या सगळ्यांना ओळीने उभं करतात.

पट्टीचा हिशेब

भाभींची रीत सोपी आहे आणि मी तीन वर्षं ती वापरते आहे, म्हणून सविस्तर सांगते. मूल संध्याकाळी खेळून आलं की माप घ्यायचं. दिवसभर चालून, उभं राहून पाय थोडा फुगतो; सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो तो यामुळेच. भिंतीला टाच लावून मुलाला सरळ उभं करायचं, बसवायचं नाही. अंगावर भार आला की पाऊल पसरतं आणि लांबतं. पायाखाली पुठ्ठा ठेवून सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करायची. हे लांब बोट अंगठाच असेल असं नाही हं! पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. दोन्ही पायांची मापं घ्यायची, कारण दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात. बूट नेहमी मोठ्या पायाला बघून घ्यायचा.

आता त्या खुणेपर्यंत पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापायची आणि बुटात सरकवून मागे टाचेला टेकवायची. पुढे किती जागा उरते ते बोटाने चाचपायचं. नवा बूट असेल तर तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी. ती कमी होत होत करंगळीच्या निम्म्या रुंदीवर आली की बुटाचे दिवस भरले. वरून तो कितीही चकचकीत असो.

पुठ्ठाच का? तर बुटाचं टोक वरून दाबून पाहण्याची आपली जी जुनी सवय आहे, तिच्यात एक गोम आहे. बुटाचं टोक कडक असतं, आणि आपण दाबायला लागलो की पोरं नकळत बोटं आत ओढून घेतात. आपल्याला वाटतं जागा आहे. दुकानातही हेच होतं. पट्टी काही बोटं आत ओढत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलाचं पाऊल वर्षाला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतं. पण ही वाढ काही दरमहा हप्त्याने होत नाही. चार महिने जसंच्या तसं, आणि मग एका सुट्टीत एकदम. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पावलांची मापं घेतली. त्यात असं दिसलं की बायकांच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास जास्तीत जास्त असते आणि पुरुषांची पंधरा-सोळाव्या वर्षी. हे वाचलं आणि मला माझी पाचवीतली मुलगी आठवली. बरोबर त्याच वयात मी तिला गेल्या वर्षीचे बूट घालायला लावले होते! म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुली आणि नववी-दहावीतले मुलगे यांच्याकडे जरा जास्तच लक्ष हवं.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. आपल्या लोकांची पावलं परदेशी मापांच्या मानाने रुंद असतात. त्यामुळे चवड्याशी आवळतं म्हणून आपण एक नंबर मोठा बूट घेतो आणि मग तो टाचेत निसटतो. तुमच्या मुलाला दर वेळी असं होत असेल तर दोष त्याच्या पायात नाही. रुंद चवड्याचा, नाडीचा किंवा पट्ट्याचा बूट मागा.

नंबरांचा घोळ सांगायचा राहिलाच. दुकानात मुलाचा नंबर तेरा सांगतात आणि पुढच्या वर्षी एक! आपण चक्रावतो. इंग्रजी पद्धतीत मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे सुरू होतात. एका नंबरातलं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. हे अंतर म्हणे जवाच्या एका दाण्याच्या लांबीवरून आलं. म्हणजे आपल्या पोरांची पावलं अजून धान्यानेच मोजतात म्हणायची! असो. सांगायचं ते इतकंच की शाळकरी मुलाला वर्षाला एक नंबर सहज लागतो, आणि दोन कंपन्यांचा एकच नंबर सारखा असतोच असं नाही. नंबर पाठ करून बूट आणायला नवऱ्याला एकट्याला पाठवू नका. मूल बरोबर हवं, आणि शाळेचे मोजे त्याच्या पायात हवेत.

“मग दोन नंबर मोठाच घेऊ, पुढे कापूस भरू” – हे आपल्या सगळ्यांच्या आयांनी केलं आहे. माझ्याही. पण सैल बुटात पाऊल पुढे-मागे सरकत राहतं, टाचेला फोड येतात, मूल पाय फरफटत चालतं आणि जिन्यावर ठेचकाळतं. शिवाय गंमत अशी की बूट पायाला येईपर्यंत तो झिजून गेलेला असतो. अंगठ्याएवढी जागा पुरे. तीच वर्षभराची बेगमी.

जूनमध्ये बूट घेऊच नका!

हे वाचून काही जणी दचकतील. पण मी आता जूनमध्ये मुलांचे बूट घेत नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

कारण आमचा पाऊस. रत्नागिरीत एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. काळा बूट सोमवारी भिजला की शुक्रवारपर्यंत काही वाळत नाही. आतून ओल, वरून बुरशी, चिकटवलेला तळ सुटतो, आणि गणपतीपर्यंत नव्या बुटाचं खेटर होतं. त्याहून वाईट म्हणजे पायाचं. दिवसभर ओल्या मोज्यात राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, चिरते, खाज सुटते. आणि चिरलेल्या पायाने साचलेल्या पाण्यातून चालणं कोकणात बरं नव्हे. लेप्टोचे रोगी इथे दर पावसाळ्यात निघतात, आणि तो रोग अशाच लहानसहान जखमांतून शिरतो.

तेव्हा जूनमध्ये पावसाळी सँडल घ्यायची. मागे पट्टा असलेली, पुढून बंद किंवा निदान बोटांना आडोसा देणारी, तळाला चांगल्या खाचा असलेली. नुसती स्लीपर नको, चिरे शेवाळले की ती घसरते. ही सँडल बुटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. धुऊन पुसली की दहा मिनिटांत कोरडी. पुष्कळ शाळा पावसाळ्यात तिला हरकत घेत नाहीत. आपल्या शाळेचा नियम ठाऊक नसेल तर वर्गशिक्षिकेला आधी भेटून विचारा. मी स्वतः जाऊन विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “अहो, मलाच ओल्या मोज्यांच्या वासाने वर्गात बसवत नाही. खुशाल घालू द्या.”

बूट घ्यायचे ते नारळी पौर्णिमेनंतर. बोटी पाण्यात गेलेल्या असतात, हातात पैसा खेळू लागतो, पाऊसही हळूहळू ओसरायला लागतो. राम आळीत जूनसारखी झुंबड नसते, दुकानदार चार जोड काढून दाखवतो. भाभी तर म्हणतात, “पहिल्या फेरीचा पैसा देण्याला, दुसऱ्या फेरीचा पोरांच्या पायाला.” ज्यांच्याकडे महिन्याचा पगार येतो त्यांना फेऱ्यांची गरज नाही, पण पावसाचं गणित त्यांनाही तेच. ज्या शाळेत बूट सक्तीचेच असतील तिथे मात्र जूनमध्ये कातडी बूट न घेता जुना जोड पट्टीने मोजून, होत असेल तर तोच पावसात घालवावा.

भिजलेल्या बुटाचं काय करायचं ते बहुतेकींना माहीत आहे. तरी चुलीजवळ किंवा गॅसपाशी वाळत घालणाऱ्या अजून भेटतात. उष्णतेने कातडं तडकतं आणि तळाचा गोंद सुटतो. आतला सुटा तळ बाहेर काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते ओले झाले की बदलायचे आणि बूट पंख्याखाली आडवा ठेवायचा. पांढऱ्या मोज्यांवर आमची तांबडी माती बसली की ब्लीचिंगने निघेल या आशेवर राहू नका. या मातीचा रंग लोखंडाचा, ब्लीचने तो उलट पक्का होतो. आधी चिखल वाळू द्यायचा, झटकायचा, मग गार पाण्यात साबण लावून चोळायचं. उरलेल्या डागावर लिंबू नि मीठ. तरीही थोडा तांबूसपणा राहतोच, आणि राहू द्यावा. रत्नागिरीत ज्याचे मोजे पांढरेशुभ्र आहेत तो मुलगा घरून शाळेत चालत गेलेला नाही असं खुशाल समजावं.

धाकट्याला थोरल्याचे बूट द्यावेत का? मला पुष्कळ जणी विचारतात. कपडे जरूर द्यावेत. बूट मात्र विचार करून. बूट हा पहिल्या पायाच्या वळणाने झिजतो. उलटा करून टाच बघा. एका बाजूने जास्त झिजली असेल तर धाकट्याचा पायही त्याच बाजूला कलंडणार. आतल्या तळावर पहिल्याच्या बोटांचे खळगे खोल उमटले असतील तर तो जोड पुरा झाला. चार महिने घालून अचानक लहान झालेला बूट असेल तर हरकत नाही. उन्हात ठेवून, आतून पुसून, नवा सुटा तळ घालून द्यावा.

गणवेश आणि माया

शिंपी लोक शिवणीत जास्तीचं कापड सोडतात त्याला ‘माया’ म्हणतात. किती चांगला शब्द आहे! तयार गणवेशात नेमकी हीच नसते. कापड वाचवायला शिवण काठाशी घातलेली असते, दुमड अर्ध्या इंचाची. म्हणून घेताना गणवेश उलटा करून पाहायचा. बाजूच्या शिवणीत निदान पाऊण इंच, स्कर्टच्या किंवा पँटच्या खाली दोन-अडीच इंच दुमड असेल तर तो कपडा दोन वर्षं जातो. शिंप्याकडे शिवणार असाल तर हे आधीच सांगा. सुती कापड असेल तर आधी पाण्यातून काढून मग शिवायला टाका. टेरिकॉट फारसं आटत नाही. आणि शिवताना उरलेला तुकडा मागून घ्या. पुढच्या वर्षी खिसा फाटला की बाजारात तो रंग जुळत नाही.

गणवेश कधी बदलायचा? उंची वाढली हे काही कारण नव्हे, दुमड सोडता येते. जुन्या दुमडीची रेघ दिसते म्हणून मुली कुरकुरतात, तर त्या रेघेवर ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा, किंवा सरळ एक बारीक फीत लावा. आसनाशी विरलेली पँट मात्र रफू करून फार दिवस घालायला लावू नका. ती शाळेतच फाटते आणि त्या दिवसाची आठवण मुलगा जन्मभर काढतो. हात वर केल्यावर शर्ट कमरेतून निघत असेल, खांद्याची शिवण दंडाच्या आत चढली असेल, तर तो लहान झालाच.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट नाजूक आहे, पण बोलायला हवी. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा शर्ट छातीशी ताणला गेला, दोन बटणांच्या मधे फट पडू लागली, की ती सांगत नाही. ती पोक काढून चालू लागते. दप्तर पुढे छातीशी धरते. उकाड्यातही स्वेटर काढत नाही. आपण म्हणतो, “सरळ चाल की गं!” तिला सरळ चालायला एक मोठा शर्ट हवा असतो. अशा वेळी जून-जुलै बघू नये. एकच शर्ट घ्यावा, पण लगेच घ्यावा. आणि पांढरी सलवार किंवा फिका स्कर्ट असेल तर वयात येणाऱ्या मुलीसाठी आतून गडद रंगाची चड्डी आणि दप्तरात एक जोड ठेवावा. तिच्या मनावरचा भार निम्मा कमी होतो.

सरकारी मदतीचंही सांगते, कारण पुष्कळ आयांना ती पूर्ण ठाऊक नसते. शासकीय आणि नगरपरिषद-जिल्हा परिषदांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाचे दोन जोड मोफत देण्याची योजना आहे. २०२३ साली त्यात एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजेही आले. त्यासाठी विद्यार्थ्यामागे १७० रुपये ठरले. १७० रुपयांत कसला बूट येतो हे तुम्हाआम्हाला सांगायला नको, पण नसण्यापेक्षा बरा. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून सगळ्या राज्याचे कपडे एकत्र शिवून घेतले, तर कितीक ठिकाणी ते उशिरा आले आणि मापात बसेनात. आता उंचीची मुलं काय एका साच्यातून निघतात? डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ते बदललं आणि पुढच्या वर्षासाठी गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं.

ही समिती म्हणजे कुणी परके लोक नव्हेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे तिथे तुम्हीआम्हीच बसायचं आहे. सभेत बाकी काही बोलायला धीर झाला नाही तरी “दुमड दोन इंच ठेवा, आणि माप शाळेत येऊन घ्या” एवढं बोलायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. भाभी त्यांच्या मुलांच्या शाळेतल्या समितीवर आहेत. पहिल्या सभेला त्या पुठ्ठ्याच्या पट्ट्याच घेऊन गेल्या होत्या! गुरुजी हसले, पण पट्ट्या ठेवून घेतल्या.

आमच्याकडे आता दर तीन-साडेतीन महिन्यांनी, सण बघून, मापं होतात. नारळी पौर्णिमा, दिवाळी संपल्यावर, होळीच्या आधी, आणि आगोटीला. परवा आगोटीची मापं होती. खाली वाड्यात बोटी किनाऱ्यावर ओढायचं काम चाललं होतं, त्याचा गलका वरपर्यंत येत होता. आमचे ‘हे’ लवकर घरी आले होते. कारखान्याचं काम आता थंडच. मी चहा टाकत होते. बाहेर धाकट्याचा आवाज ऐकू आला, “ताई, माझे होतात गं. खरंच होतात.”

मी काही बोलणार तेवढ्यात आमची आठवीतली बाई म्हणाली, “ते मला नको सांगू. भिंतीला टाच लाव. आणि बोटं आत ओढायची नाहीत.”

माप निघालं. पुढे करंगळीएवढीही जागा नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. ह्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि त्याला म्हणाले, “जूनला सँडल. बूट पौर्णिमेनंतर, रविवारी. मी येतो बरोबर.”